फायलीत नसलेला वॉर्ड

सुकेशनी खिल्लारेला भीती नवी नव्हती. लहानपणी ती विंचवाला भ्यायची नाही, अंधाराला भ्यायची नाही. आपण काहीतरी विसरलो आहोत, याची तिला भीती वाटायची. भरलेलं दप्तर ती पुन्हा उघडायची. दाराला कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली की परत येऊन ते ओढून पाहायची. गावाकडच्या, वालूरच्या शेजारणी तिच्या आईला म्हणायच्या, "चांगुणाबाई, पोर लय इच्यारी हाय तुमची." चांगुणाबाई म्हणायची, "इच्यारी कशाची, भित्री हाय."

पुढे ही भीतीच तिच्या पोटापाण्याच्या कामी आली. नांदेडला ती इन्स्ट्रुमेंटेशन शिकली, काही वर्षं पुण्यात वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत राहिली, आणि वडील गेल्यावर आईला एकटी सोडवेना म्हणून परभणीला परत आली; आठवडाभर इथे खोलीवर, शनिवारी वालूरला आईकडे. इथे एमआयडीसीच्या टोकाला, कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या मागे, महारुद्र कदम यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. महारुद्र मूळचे गंगाखेडचे. मोठ्या शहरातली नोकरी सोडून ते एकच यंत्र बनवायला गावाकडे आले होते. कमी वजनाची, दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं ऊब देऊन जगवणारं वॉर्मर. मोठ्या कंपन्यांचं वॉर्मर तालुक्याच्या दवाखान्याला झेपत नाही, झेपलं तर दुरुस्तीला माणूस येत नाही. आपलं यंत्र इथल्या माणसाला उघडता आलं पाहिजे, बंद करता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माणूस चांगला होता. घाईचा होता.

सुकेशनीचं काम कागदांचं. यंत्र कोणासाठी, त्या माणसाला काय हवं, म्हणून यंत्राने काय करायला हवं, त्यासाठी ते कसं बनवलं, आणि बनल्यावर ते खरंच तसं वागतं का, या प्रत्येक पायरीचा कागद असतो आणि प्रत्येक कागद मागच्या कागदाला बांधलेला असतो. मध्ये कुठे धागा तुटला तर यंत्र विकता येत नाही. बाकीच्यांना ही कटकट वाटायची. सुकेशनीला मात्र नवल वाटायचं, की जगात अशीही नोकरी आहे जिथे परत जाऊन कुलूप ओढून पाहण्याचा पगार मिळतो.

त्यातही एक तक्ता होता, काय काय बिघडू शकतं याचा. लोक ज्या गोष्टी मनातही आणत नाहीत त्या ती तिथे आखलेल्या चौकटींत लिहायची. बाळ भाजणं. बाळ गार पडणं. बाळ ट्रेवरून घसरणं. शेजारच्या चौकटीत उपाय लिहिला की मगच ती पुढच्या ओळीकडे जायची.

"ताई, चहा घेतला, त्याची नोंद केली का?" वर्कशॉपमधला नागसेन तिला चिडवायचा. जोडणी त्याच्या हातची, चाचण्याही त्याच्याच. "उद्या कुणी इचारलं, हा कप रिकामा कशानं झाला, तर?"

"तुझ्या जिभेची नोंद केलीय. धोकादायक भाग म्हणून," ती म्हणायची.

त्या यंत्रात सगळ्यांत मोठा धोका होता तो सेन्सरचा. वर लाल होणारा हीटर, खाली पाळण्याएवढा ट्रे, ट्रेवर उघडं बाळ. बाळाच्या पोटावर स्टिकरने तापमान मोजणारा एक सेन्सर चिकटवायचा. अंग गार पडू लागलं की यंत्र हीटर वाढवतं, अंग तापलं की कमी करतं. पण सेन्सर सुटून बाजूला पडला तर? यंत्राला वाटणार बाळ गार पडलं. ते ऊब वाढवत जाणार, आणि खाली बाळ भाजत राहणार. म्हणून त्यांनी अलार्म बसवला होता. सेन्सरचा आकडा एकदम खाली आला की यंत्र ओरडणार आणि हीटर आपोआप बंद होणार. नागसेनने कोमट पाण्याच्या रबरी पिशवीला सेन्सर चिकटवून तो कितीतरी वेळा ओढून काढला. दर वेळी यंत्र ओरडलं. पडताळणी झाली.

मग राहिली खातरजमा. म्हणजे खऱ्या वॉर्डात, खऱ्या हातांत ते यंत्र चालतं का, हे पाहणं. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, रीतसर परवानगी घेऊन, एक यंत्र ठेवलं. तिथल्या बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका गीताबाई. त्यांचं माहेर वालूरचं, सुकेशनीच्या घराच्या मागच्या आळीतलं. ती त्यांना मावशी म्हणायची. पाहणीच्या आदल्या दिवशी तिने फोन करून सांगितलं की उद्या आमचे सर येतायत, मीही येतेय.

"ये की माय," गीताबाई म्हणाल्या. "काळजी करू नको. तुझं नाव खाली जाऊ देणार न्हाई आमी."

पाहणी सुरेख झाली. वॉर्ड शांत होता. परिचारिकांनी बाळाचं पोट पुसलं, कोरडं केलं, सेन्सर सूचनापत्रातल्या चित्राप्रमाणे चिकटवला. कुठे अडलं नाही. सुकेशनीने सगळं लिहून घेतलं, अहवाल केला, खाली सही केली. महारुद्रांनी पेढे आणले. एका संस्थेची मोठी मागणी ठरल्यासारखीच होती. आता सगळ्या कागदांचं एक शेवटचं परीक्षण, की उत्पादन सुरू.

त्यानंतर दवाखान्यातून स्टिकरची मागणी आली. थोड्या दिवसांनी पुन्हा आली.

"खायलेत का काय स्टिकर?" महारुद्र म्हणाले. "दे जाऊन एक खोका. तसंही तू शनिवारी गावाकडं जातीस."

एवढ्याशा कामासाठी फोन कशाला करायचा, म्हणून तिने केला नाही.

परभणीची थंडी बोचरी असते. त्या आठवड्यात तर बसच्या खिडक्यांच्या फटीत लोकांनी कागद कोंबले होते. दवाखान्याच्या आवारात शेकोट्या होत्या. सुकेशनी खोका काखेत धरून वॉर्डात शिरली आणि आपण चुकून दुसऱ्याच वॉर्डात आलो असं तिला वाटलं. खाटेखाटेशी दोन-दोन, तीन-तीन बाया. डबे, गोधड्या, ओव्याचा आणि शेपेचा वास, शेगडीचा धूर. आणि कोपऱ्यात त्यांचं यंत्र, हीटर लाल झालेला.

ट्रेशी एक म्हातारी उभी होती. तिच्या एका हातात वाटी होती, दुसरा हात बाळाच्या छातीवरून पोटाकडे, पोटावरून मांड्यांकडे फिरत होता. बाळ तळहातात मावेल एवढं. तेलाने ते इतकं चकाकत होतं की हीटरची लाल रेघ त्याच्या पोटावर दिसत होती. डोक्याला कुंची, अंगावर अर्धवट ओढलेलं जुन्या लुगड्याचं धडपं. सेन्सरची तार त्या धडप्याखाली गेली होती.

"आजी, हे काय करायलात?" सुकेशनीचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"करडीचं तेल हाय माय, घाण्याचं," म्हातारी म्हणाली. तिचं नाव लक्ष्मीबाई, बाळ तिच्या लेकीचं. "सातव्या महिन्यातलं लेकरू. तेल जिरल्याबिगर हाडाला जोर कसा यील?"

सुकेशनीने धडपं उचललं. स्टिकर पोटावरून घसरून कमरेच्या बाजूला आला होता. अर्धा चिकटलेला, अर्धा सुटा. सेन्सर कातडीला टेकलाही नव्हता आणि पडलाही नव्हता. मध्येच कुठेतरी, धडप्याच्या उबेत लोंबत होता. बाळाचं पोट लालसर होतं. तेलाने, हीटरच्या उजेडाने, की आणखी कशाने, ते तिला कळेना. तिने यंत्राकडे पाहिलं. यंत्र गप्प होतं.

तिने रुमालाने पोट पुसलं. खोक्यातला नवा स्टिकर काढून सेन्सर पुन्हा चिकटवला.

"अगं, कधी आलीस?" गीताबाई मागून आल्या. "फोन न्हाई, काई न्हाई."

"मावशी, हे असं रोज चालतं?"

"तेल का? रोजच. सकाळी, सांजच्याला. आमी किती सांगायचं? एक आजी बाहीर काढली की दोन आत येतात. आन् खरं सांगू, थंडीत तेल बरंच असतंय लेकराला. आमी मग वरून बँडेजची पट्टी बांधतो, स्टिकर धरत न्हाई तर."

"पण त्या दिवशी तर..."

गीताबाई हसल्या. त्यांच्या हसण्यात कौतुक होतं, आणि तेच सुकेशनीला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. "त्या दिवशी तू फोन केल्तास ना! सकाळी उठून समद्या म्हाताऱ्या बाहीर घालवल्या. लेकरं सोड्याच्या पाण्यानं पुसून घेतली. पोरींकडनं ते चित्र पाठ करून घेतलं. तुझे साहेब येणार, मंग काय दाखवावं गं? वालूरची इज्जत हाय का न्हाई?"

 सुकेशनीला शाळा आठवली. तिचे वडील लिंबाजी तिथे शिपाई होते. तपासणी असली की ते आदल्या दिवशी मैदानातल्या दगडांना चुना लावायचे. कच्च्या पोरांना निरोप जायचा, उद्या येऊ नका. आणि सुकेशनीला पहिल्या रांगेत बसवायचे. साहेब विचारायचे, ती उत्तर द्यायची, साहेब शेरा चांगला लिहून जायचे. कुणी कुणाला फसवतंय असं त्यात कुणालाच वाटत नसे. पाहुणा आला की अंगण झाडायचं, तसंच ते. वडील तर म्हणायचे, तपासणीला आलेला साहेब उपाशी आणि नाराज जाऊ नये. गीताबाईंनी तेच केलं होतं. फोन सुकेशनीनेच केला होता. ज्या वॉर्डात यंत्र चालणार होतं तो वॉर्ड त्या दिवशी दाराबाहेर, व्हरांड्यात, वाट्या पदराखाली धरून बसला होता. आणि तिने ज्या वॉर्डाची खातरजमा केली तो वॉर्ड अस्तित्वातच नव्हता.

"मावशी, पुसून लावत जा," एवढंच ती म्हणाली. "दर वेळी पुसून."

"लावते गं. तू अशी काऊन पांढरी पडलीस? खाल्लंस का काई?"

सोमवारी तिने महारुद्रांना सांगितलं. ते टेबलाशी उभे राहून डबा खात होते.

"मग वापरणाऱ्याची चूक झाली ना ती," ते म्हणाले. "सूचनापत्रात लिही मोठ्या अक्षरात. तेल लावू नये. कातडी कोरडी करावी. विषय संपला."

"सर, सूचनापत्र लक्ष्मीबाई वाचणार न्हाईत."

"कोण लक्ष्मीबाई?"

"बाळाची आजी."

"आजीसाठी मशीन बनवलं का आपण?" ते हसले, मग हसू आवरून घेतलं. "हे बघ. अहवालावर तुझी सही हाय, माझी हाय. फाइल बंद झालीय. ती उघडली तर पुन्हा पाहणी, पुन्हा परवानग्या, तवर ते संस्थेवाले थांबणार न्हाईत. वर ती तुझी मावशी. तिनं वॉर्ड सजवून दाखवला, हे लिहिशील? तिला मेमो मिळंल. तू भिऊन घेतीस गं उगंच. सेन्सर सुटला तर अलार्म हाय ना आपला? मग?"

अलार्म होता. त्या शब्दाला धरून ती दोन दिवस उभी राहिली. खोलीवर आईचा फोन आला, तू अशी तुटक का बोलतेस म्हणून. ती म्हणाली, थंडी आहे. पण धडप्याखाली लोंबणारा तो सेन्सर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तो सुटलेला होता की नव्हता? आणि सुटलेला होता तर यंत्र गप्प का होतं?

परीक्षणाच्या आदल्या दिवशी दुपारी, महारुद्र बँकेत गेले असताना, ती घाण्याच्या करडी तेलाची बाटली घेऊन नागसेनकडे गेली.

"भजे तळायचेत का ताई?"

"पिशवीला लाव. आणि सेन्सर वरून चिकटव. ओढू नको. नुसतं धडपं टाक अंगावर आणि थांब."

नागसेनने पिशवीत कोमट पाणी भरलं, तेल चोळलं, स्टिकर दाबला. वरून एक जुना टॉवेल टाकला. दोघं स्टुलांवर बसले. बाहेर जिनिंगच्या पडक्या भिंतीवर कबुतरं घुमत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग टॉवेलखाली सेन्सर किंचित सरकला, पिशवीच्या कडेने खाली, हीटरच्या आडोशाला. पडद्यावरचा आकडा एका दशांशाने खाली आला. थांबला. आणखी एका दशांशाने खाली आला. घाई नव्हती त्याला. एकदम खाली येणारा आकडा पकडायला शिकवलेलं यंत्र हे हळूहळू घसरणं पाहत होतं आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लेकरू गार पडायलंय, एवढंच त्याला कळत होतं. वर हीटर अबोली होता तो शेंदरी झाला. शेंदरी होता तो लालभडक झाला.

"आता ओरडंल," नागसेन म्हणाला.

यंत्र ओरडलं नाही. टॉवेलला करपल्याचा वास येऊ लागला. नागसेनने पिशवीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बंद करू?"

 इतकी वर्षं सुकेशनी भीती चौकटीत लिहीत आली होती. शेजारच्या चौकटीत उपाय लिहून तिला झोप लागत होती. आता तीच भीती चौकटीतून उतरून समोर लाल होऊन बसली होती, आणि शेजारची चौकट रिकामी होती.

नागसेनने प्लग ओढला.  मग तो म्हणाला, "उद्या सांगनार का?"

"सांगावं लागंल."

"सर लय चिडतील."

"हं."

"माझी बी नोकरी हाय ताई," तो खाली पाहत म्हणाला. जरा वेळाने त्याने करपलेला टॉवेल झटकला, घडी घातली आणि तिच्या हातात दिला. "हे ठेव. तोंडी सांगितलं तर म्हणतील भित्री हाय."

त्या रात्री ती कशाकशाला भ्याली ते सांगायला हवं, कारण पुढे तिने स्वतःला त्याबद्दल सोडलं नाही. ती महारुद्रांच्या चेहऱ्याला भ्याली. गीताबाईंच्या मेमोला भ्याली. मागच्या आळीतून जाताना आईला ऐकावं लागेल त्याला भ्याली. आपली सही असलेला अहवाल खोटा होता हे आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं, पहिलं वाक्य कोणतं, याची तिने मनात उलटसुलट जुळणी केली. सकाळपर्यंत ते वाक्य तयार झालं होतं.

परीक्षणाचा एक नियम आहे. त्यात निदान एक माणूस असा हवा, ज्याचा त्या कामाशी थेट संबंध नाही. त्यासाठी महारुद्रांच्या ओळखीच्या अर्पिता नावाच्या इंजिनिअर पुण्याहून पडद्यावर हजर होत्या. त्या मुद्दे वाचत गेल्या, महारुद्र उत्तरं देत गेले. खातरजमेचा अहवाल आला.

"यात अजून न सुटलेला काही मुद्दा?" अर्पितांनी विचारलं.

"नाही," महारुद्र म्हणाले.

"आहे," सुकेशनी म्हणाली.

तयार केलेलं वाक्य तिला आठवलं नाही. तिने टेबलावर टॉवेल उलगडला. करपलेला डाग पडद्याकडे धरला, आणि जसं आठवेल तसं सांगत गेली. तेल, धडपं, सरकणारा सेन्सर, गप्प यंत्र. मग फोन. आपण फोन केला होता, म्हणून वॉर्ड झाडून ठेवला होता. दोष मावशींचा नाही, पाहणी मी ठरवली होती, हे ती दोनदा म्हणाली. महारुद्र तिच्याकडे पाहत नव्हते. ते टॉवेलकडे पाहत होते. एकदा त्यांनी बोट पुढे करून डागाची कड चाचपली, आणि काळा कण बोटाला लागला तो तसाच धरून ठेवला.

"हे काल झालं?" ते हळू म्हणाले.

"काल दुपारी."

बाहेर नागसेनच्या ग्राइंडरचा आवाज थांबला होता. पडद्यावर अर्पिता काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"एक विचारू? दवाखान्यातलं ते यंत्र आत्ता चालू आहे का?"

महारुद्रांनी पहिल्यांदा सुकेशनीकडे पाहिलं.

 काल दुपारपासून सुकेशनीने फाइलीचा विचार केला होता, सहीचा, नोकरीचा, गावाचा. त्या पिशवीच्या जागी एक लेकरू आहे, आणि त्याच्या डोक्यावर तोच हीटर आत्ता, या क्षणी लाल आहे, हे तिला माहीत होतं आणि तरी तिच्या मनात आलं नव्हतं. परीक्षण होईपर्यंत जणू दवाखानाही थांबणार होता.

तिने गीताबाईंना फोन लावला. वाजत राहिला. वॉर्डाचा लावला. वाजत राहिला. महारुद्रांनी गाडीची किल्ली उचलली होती. "चल," ते म्हणाले. "नागसेन, तू टेम्पो काढ."

रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या होत्या, एकामागे एक. महारुद्र हॉर्न वाजवत नव्हते, नुसते स्टिअरिंगवर पुढे वाकले होते. सुकेशनी फोन लावत होती.  प्रत्येक रिंगच्या मागे तिला वॉर्डातला तो कोपरा दिसायचा. रिंग तिथे पोचत असेल, कुणीतरी म्हणत असेल, जरा थांब, लेकराला तेल लावायलेय.

"काल का न्हाई सांगितलंस?" महारुद्रांनी एकदाच विचारलं. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला भ्याले."



गीताबाई प्रसूतीच्या खोलीत होत्या. वॉर्डात एक शिकाऊ परिचारिका पलीकडच्या खाटेशी सलाइन लावत होती. लक्ष्मीबाई ट्रेजवळच्या जमिनीवर, भिंतीला टेकून पेंगत होती. हीटर लालभडक होता. यंत्र गप्प होतं.

सुकेशनीने आधी प्लग ओढला, मग धडपं. बाळाला हात लावला आणि तिच्या तोंडून काय निघालं ते तिला कळलं नाही, पण सगळा वॉर्ड वळला. लेकरू तापलं होतं. पाय, पोट, कपाळ, सगळं सारखंच. ते रडत नव्हतं. ओठ हलत होते.

परिचारिका धावली, डॉक्टर आले. कुंची काढली, तेल टिपलं, अंग कोमट पाण्याने पुसलं, थेंबथेंब दूध तोंडात घातलं. महारुद्र दाराशी उभे होते, हाताची घडी घालून, काखेत बोटं दाबून. खूप वेळाने थर्मामीटरचा आकडा उतरला. आणखी वेळाने लेकरू रडलं, मांजराच्या पिलासारखं.

"मशीनमुळं?" महारुद्रांनी डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. ते थकलेले होते. "इतक्या लहान बाळाला जंतुसंसर्गानेही ताप येतो. रक्त पाठवतोय. पण हे यंत्र इथून न्या."

गीताबाई आल्या तेव्हा नागसेन आणि महारुद्र यंत्राची चाकं मोकळी करत होते. सुकेशनीने त्यांना तेलाचं, टॉवेलचं आणि परीक्षणाचं सांगितलं. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, सुकेशनीकडे पाहिलं. "दोनच वॉर्मर हायत माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात आधीच एक लेकरू हाय. हे कुठं ठेवू?"

"छातीशी, मावशी. आईच्या, न्हाई तर आजीच्या. उघड्या अंगाला लावून, वरून गोधडी."

"ते मला शिकवती का आता?" गीताबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "माझं नाव घेतलंस?"

"माझं घेतलं. मी फोन केला, असं."

"म्हंजे माझंच," गीताबाई म्हणाल्या आणि लक्ष्मीबाईच्या चोळीची गाठ सोडायला वाकल्या.

लेकराची आई अजून उठून बसण्यासारखी नव्हती, म्हणून लेकरू म्हातारीच्या छातीशी ठेवलं. गोधडी ओढली. लक्ष्मीबाई दाराकडे पाहत होती. टेम्पोत फळी लावून यंत्र चढवत होते, त्याची मान दोरीने बांधली होती.

"कुणाला न्यायलेत ती मशीन?" तिने विचारलं. "दुसऱ्या पेशंटला देणार का? पैशेवाल्याच्या?"

"न्हाई आजी."

"मंग काऊन? आमी काई मोडलं न्हाई. नुसतं तेल लावलं."

सुकेशनी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिच्या अहवालांत, तक्त्यांत, सूचनापत्रांत या बाईसाठी एकही ओळ नव्हती. तिला कोणत्या शब्दांत सांगायचं हे तिला माहीत नव्हतं.

"आजी, तुमचं काई चुकलं न्हाई. मशीनच चुकीची हाय. तेल लावलेल्या लेकराला ती वळखत न्हाई. ती ऊब वाढवीत जाते. लेकरू भाजू शकतं."

लक्ष्मीबाईने ते ऐकून घेतलं. गोधडीखाली तिचा हात लेकराच्या पाठीवर थांबला.

"हे तुला कधी कळलं?"

"काल."

"काल," म्हातारी म्हणाली. "काल मी तीनदा तेल लावलं, माय."

आवारातून टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. लक्ष्मीबाई भिंतीला हात टेकून उठली. लेकराला गोधडीसकट सावरून तिने दुसऱ्या बाजूला घेतलं, सुकेशनीपासून लांबच्या, आणि लेकीच्या खाटेकडे चालू लागली.